देवीच्या माथ्यावर मलंगगड

खारशेतच्या कोळीवाड्यात भिवाजी नाखवाला जमिनीवरचा पत्ता विचारायची सोय नव्हती. डोंबिवलीला पूर्वेला उतरायचं की पश्चिमेला, एवढ्यावरही तो डोकं खाजवत उभा राहायचा. बायको सरस्वती बाजारात मासळी विकायला बसते, तिला डबा द्यायला हा पठ्ठ्या एकदा निघाला तो थेट ठाण्याला खोपटच्या एसटी डेपोत पोचला. ही गोष्ट कोळीवाड्यात अजून मीठमसाला लावून सांगतात. पण होडीत पाय टाकला की हाच माणूस वेगळा व्हायचा. तिथे त्याला चुकलास म्हणायची कुणाची छाती नव्हती.

कल्याण मागे टाकलं की उल्हास नदीची खाडी होते आणि ती दिव्याच्या अंगाने ठाण्याकडे वळते. त्या पट्ट्यात पाणी कुठे खोल आहे, चिखल कुठे वर आलाय, आणि खडप, म्हणजे पाण्यात बुडालेला खडक, कुठे दबा धरून बसलीय, हे सगळं भिवाजीला तोंडपाठ. यात जादू काही नव्हती. पाण्यावर पाटी लावता येत नाही, म्हणून कोळी काठावरच्या दोन खुणा धरतो, एक जवळची आणि एक लांबची. जवळच्या खुणेच्या बरोब्बर मागे लांबची आली की आपण हव्या त्या रेघेवर आलो असं समजायचं. भिवाजीला त्याच्या बापाने हे शिकवलं ते कानाला धरून. "डोला फसवंल, हात फसवंल, खूण फसवनार नाय," असं म्हातारा सांगायचा, आणि भिवाजीने ते देववाक्य मानलं.

सगळ्यांत अवघड जागा आसरांच्या, म्हणजे पाण्यातल्या देवतांच्या, खडपेची. दोन खडपा शेजारी शेजारी आणि त्यांच्यामध्ये एक अरुंद, खोल घळ. ओहोटीला जिताडे त्या घळीत उतरतात, आणि जिताडा म्हणजे खाडीचा राजा, त्याचं कालवण ज्याने खाल्लं नाही त्याच्याशी काय बोलायचं! त्या घळीची खूण अशी: जवळ गावदेवीच्या देवळाचा कळस आणि मागे लांब मलंगगडाचा सुळका. देवीच्या माथ्यावर मलंग उभा राहिला की जाळं सोडायचं. मधली बरीच वर्षं त्या घळीवर रेती उपसणारे पंप बसले होते, त्यामुळे तिकडे कुणी फिरकत नव्हतं. पंप गेले, पाणी जरा निवळलं, आणि जिताडा परत दिसतोय अशी कुणकुण लागली. पण तोवर जुनी माणसं सरली होती. घळीची खूण माहीत असलेला भिवाजी एकटा उरला होता.

मागच्या हिवाळ्यात मुलगा जयेश त्याला म्हणाला, "बाबा, चल, दाखव ती जागा." जयेश एमआयडीसीत कंपनीत नोकरी करतो आणि सुट्टीच्या दिवशी खाडीवर जातो. होडीला त्याने नुकतंच नवीन मशीन बसवलं होतं. भिवाजी नाळेवर, होडीच्या पुढच्या टोकावर, उभा राहिला. टॉवरांच्या फटीतून मलंगगड अजून दिसतो, एवढी बिल्डरांची मेहरबानी. देवळाचा नवा उंच कळस तर उन्हात लखलखत होता. कळसावर सुळका आला तसा त्याने हात वर केला. पाण्याचा आवाज त्याला क्षणभर वेगळा वाटला होता, जरा उथळ. पण खुणेपुढे कानाचं काय ऐकायचं? त्याने जयेशला सांगितलं, "घे आत." आणि होडी सरळ खडपेवर आपटली.

तळाची फळी फाटली, मशीन पाण्यात गेलं, बापलेक गळ्याएवढ्या पाण्यात फळीला धरून राहिले. शेजारच्या गावची होडी आली म्हणून निभावलं. जयेश घरी येईपर्यंत एक शब्द बोलला नाही. शिव्या घातल्या असत्या तर भिवाजीला बरं वाटलं असतं. होडी दुरुस्त झाली, आणि पहिल्याच सुट्टीला जयेश बापाला हाक न मारता एकटाच खाडीवर गेला. भिवाजी दारात वल्हं घेऊन उभा होता. त्याने ते वल्हं परत आढ्याला अडकवलं, आणि अंगणात जाऊन बसला तो बसलाच.

लोकांनी काय म्हणायचं ते म्हटलं. कुणी म्हणालं, रेती काढल्यामुळे खडपच सरकली. कुणी म्हणालं, आसरा कोपल्या. भिवाजीने मात्र या सगळ्यांपेक्षा वाईट गोष्ट मनाशी धरली. त्याचा बाप शेवटी शेवटी सगळं विसरला होता. तो बायकोला बहिणीच्या नावाने हाक मारायचा आणि जाळं खांद्यावर टाकून भर रस्त्यात जाऊन उभा राहायचा. आता आपलीही पाळी आली, असं भिवाजीच्या डोक्यात बसलं. पोरं काही विचारायला आली की तो म्हणायचा, "मना नाय आठवत." आठवत असायचं, तरी. कारण आठवणीवर आपण परत कुणाचा जीव टांगायचा नाही, हे त्याने ठरवून टाकलं होतं.

सरस्वतीने त्याला डॉक्टरकडेही नेलं. डॉक्टरने आज वार कोणता ते विचारलं, शंभरातून सात सात वजा करायला लावले, कागदावर घड्याळ काढायला लावलं. भिवाजीने सगळं बिनचूक केलं. डॉक्टर म्हणाला, काही झालेलं नाही, डोकं ठणठणीत आहे. रिक्षात बसल्यावर भिवाजी बायकोला म्हणाला, "त्यानं खारीचं, पान्याचं तं कायच इचारलं नाय."

असं वर्ष जात आलं. जयेशची मुलगी वर्षाली ठाण्याला कॉलेजात भूगोल शिकते. आजोबांना तीही बापासारखं बाबाच म्हणते. तिला खाडीकाठच्या गावांवर प्रोजेक्ट करायचं होतं, म्हणून तिने शंभर वर्षांपूर्वीच्या मोजणीचे जुने नकाशे मिळवले, एका प्लॉटरवाल्याकडून मोठे करून छापून घेतले आणि दोन कागद चिकटपट्टीने जोडून एका सकाळी ओटीवर पसरले. कागद गुंडाळला जात होता, म्हणून तिने चार कोपऱ्यांवर आजीच्या तराजूची चार वजनं ठेवली.

"बाबा, इकडे ये ना. मला गावातल्या जागांची नावं सांग. ह्याच्यात अर्धी नावंच नाहीत."

"मना नाय आठवत."

"अरे, बघ तरी! नाही आठवलं तर नाही. मी काय मार्क कापणारे का तुझे?"

नातीपुढे कुणाचं चालतं? भिवाजी उठला, कागदाभोवती एक फेरी मारली, वजनं काढली, आणि अख्खा नकाशा उलटा फिरवला.

"बाबा, उत्तर वर असते," वर्षाली म्हणाली.

"कोनाची? मी वल्हं मारतो तवा ठाना पुरं असतं." आणि त्याने ठाण्याचं टोक आपल्या समोर येईल असा कागद लावून घेतला, होडीत बसतात तशी मांडी घातली.

मग काय झालं ते वर्षालीलाही नीट कळलं नाही. त्या मळकट कागदावर खाडीकाठचा चिखल ठिपक्या-ठिपक्यांनी दाखवला होता, मिठागरांचे चौकोन होते, झाडांची चिन्हं होती, आणि पाण्यावरून पलीकडे जाणारी तुटक रेघ होती. भिवाजीने त्या रेघेवर बोट ठेवलं आणि म्हणाला, ही तरीची वाट, इथून होडीने पलीकडे जायचे, माझी आयस याच तरीने लग्न होऊन आली. मग मिठागरांची नावं आली. मग बांध, मग चिंच, मग ज्या उंचवट्यावर गुरं उधाणाच्या पाण्यातून बचावायची तो उंचवटा. वर्षभर मुका झालेला माणूस धबधब्यासारखा बोलायला लागला, आणि वर्षाली भराभर लिहून घ्यायला लागली. आत सरस्वती सुका जवळा पाखडत होती, तिचं सूप थांबलं.

मग भिवाजीचं बोट एका छोट्या चिन्हावर आलं. "यो काय?"

"देऊळ आहे ते. गावदेवीचंच असणार, दुसरं कुठलं?"

"नाय." बोट मागे आलं. "चुकलंय. देवी इकरं नाय. ही तं पार पान्याजवल दाखवलीय."

"बाबा, त्यांनी साखळ्या टाकून मोजलंय रे सगळं. बाकी सगळं बरोबर आणि देऊळच कसं चुकेल?"

"इंग्रजानं चुकवलंन!" भिवाजी चिडला. "देवी रस्त्याशी हाय. पयल्यापासून हाय."

तेव्हा सरस्वती सूप घेऊन बाहेर आली. तिने कागदाकडे नुसतं पाहिलं. "काय चुकलंय? लगीन जालं तवा मी तितंच पाया परले. चिखलात पाय रुतला, नवी सारी भरली, तुजी आयस हसली मना. आता रस्त्याशी नेलीत तुमीच की! कमिटीत पुरं पुरं कोन करत होता?"

वर्षालीला वाटलं आजोबा आता आजीवर ओरडणार.

खरी गोष्ट अशी होती. जुनं देऊळ खाडीकाठच्या एका जोत्यावर होतं. उधाण आलं की पाणी पायऱ्या चढायचं. घळीवर पंप होते त्याच काळात गावाने जीर्णोद्धार काढला आणि देऊळ दोन शेतं तिरकं अलीकडे, रस्त्याला आणलं. भिवाजीच पुढारी होता. त्यानेच देवीला कौल लावला. मूर्तीला चिकटवलेली उजवीकडची कळी पडली, देवीने होकार दिला, आणि पालखी नाचत नव्या जागी आली. आणि खारशेतची रीत अशी आहे की देवी एकदा बसली की जुन्या जागेचं नाव काढायचं नाही. देवी हलली असं म्हणणं अशुभ. ती जिथे बसली तिथे ती पहिल्यापासून होती. पोराबाळांना तसंच सांगतात, आणि सांगता सांगता सांगणाऱ्यालाही ते खरं वाटायला लागतं. भिवाजीइतक्या निष्ठेने ही रीत कुणी पाळली नसेल. त्याने जुनी जागा मनातूनसुद्धा पुसून टाकली होती. त्या देवळाचा कळस ही घळीची खूण आहे, हे डोक्याच्या एका कप्प्यात होतं. देऊळ आपणच उचलून आणलं, हे दुसऱ्या कप्प्यात. दोघांची गाठ कधी पडलीच नाही.

भिवाजी आत गेला आणि जाळं विणायचा दोरा घेऊन आला. तो तोंडात धरून ओला केला. एक टोक वर्षालीला मलंगगडावर दाबून धरायला सांगितलं, आणि दोरा ताणून कागदावरच्या जुन्या देवळावरून खाडीत सोडला. मग देऊळ आता जिथे आहे तिथे एक जवळ्याचा कण ठेवला आणि दोरा त्याच्यावरून नेला. दोन्ही रेघांमध्ये जेमतेम नखाएवढं अंतर पडलं. खडप नकाशावर नव्हती, पण तरीच्या तुटक रेघेपासून ती किती खाली, हे त्याच्याइतकं कुणाला माहीत? जुन्या देवळाची रेघ बरोब्बर घळीत उतरत होती. नव्या देवळाची रेघ खडपेच्या डोक्यावर.

"नखाएवढं म्हणजे जमिनीवर दोन शेतं, बाबा," वर्षाली हळूच म्हणाली.

"मंजे मी इसरलू नाय," भिवाजी म्हणाला. आणि मग, इतक्या वर्षांत सरस्वतीने कधी पाहिलं नव्हतं तसा, ओंजळीत तोंड घालून रडला. "मी इसरलू नाय गो, सरस्वती. मी इसरलू नाय."

सरस्वती त्याच्या पाठीवरून हात फिरवत राहिली, आणि तेवढ्यातही म्हणाली, "इसरला कसा नाय? देऊल उचललंस ते इसरलास ना! येरा कुटला." पण तिचेही डोळे भरले होते.

दुपारी भिवाजी एकटा देवळात गेला. खूण खोटी नव्हती, खूण त्यानेच हलवली होती, आणि हे जयेशला सांगायचं तर देवी हलली हे तोंडाने म्हणावं लागणार होतं. रीत मोडायची त्याला भीती वाटत होती. त्याने नारळ ठेवला आणि मोकळंच बोलून टाकलं, "आये, तुना मीच हलवली. लेकरांना खरं सांगतंव. रागवू नको." कौल काही त्याने लावला नाही. आईला प्रत्येक गोष्ट दोनदा विचारायची नसते, असं त्याचं त्यानेच ठरवलं.

संध्याकाळी जयेश कंपनीतून आला तेव्हा वर्षालीने त्याला सगळं सांगितलं. दोरा परत दोनदा लावून दाखवला. जयेश कागदाकडे बघत राहिला, मग बापाकडे.

"मशीन बुरालं तुजं," भिवाजी म्हणाला. "माज्यामुलं."

"मशीनचं काय घेऊन बसलास, बाबा?" जयेशचा आवाज चढला. "मशीन दुसरं येतं. पाण्यात पडलो ना आपण, तेव्हा तुझा हातच सापडत नव्हता मला. तिथेच ठरवलेलं, ह्याला परत पाण्यावर न्यायचं नाही. म्हणून हाक नाही मारली. तुला काय वाटलं?"

पोराच्या न बोलण्याचा अर्थ आपण वर्षभर उलटा लावत होतो, हे भिवाजीला आत्ता कळत होतं. तो इतकंच म्हणाला, "मंग मना पन सांगायचंस ना." आणि जयेश खाली बघत म्हणाला, "हो. सांगायला पाहिजे होतं."

पुढच्या सुट्टीला ओहोटी सकाळची होती. आता अडचण एकच: जुन्या जागी देऊळ नव्हतं, नुसतं जोतं होतं आणि भोवती तिवरांचं रान. खूण धरायची तरी कशाची? वर्षालीने फोन पुढे केला, म्हणाली की जागा त्याच्यात टाकता येते. "टाक, जरूर टाक," जयेश म्हणाला, "पण आधी बाबाला बघू दे." शेवटी सरस्वतीच उठली. तिने एक लांब बांबू घेतला, त्याच्या टोकाला आपली लालभडक साडी बांधली, आणि तिवरांतून वाट काढत जोत्यावर जाऊन उभी राहिली. जाताना बजावून गेली, "लवकर आटपा. मना बाजारात जायाचंय."

होडीत तिघं होती. खारशेतला बायका मासळी विकतात, सुकवतात, भाव ठरवतात, नवऱ्यांनाही सरळ करतात. पण जाळं सोडायला होडीत बसत नाहीत. वर्षाली बसली तेव्हा भिवाजीने सरकून तिला नाळेशी जागा करून दिली.

जयेशने मशीन अगदी हळू ठेवलं होतं. भिवाजी उभा राहिला. देवळाचा कळस लखलखत होता आणि त्याच्यामागे सुळका येत होता. सवयीने त्याची मान तिकडे वळत होती, ती त्याने जोर करून फिरवली. तिवरांवर लाल साडी फडफडत होती. सुळका तिच्या एका बाजूला होता, मग जवळ आला, मग बरोब्बर तिच्यावर उभा राहिला. भिवाजीने कान दिला. पाण्याचा आवाज जाड होता.

"हितं."

जयेशने मशीन बंद केलं आणि होडीतली काठी पाण्यात सोडली. ती गेली, गेली, त्याचा हात कोपरापर्यंत पाण्यात गेला, तरी तळ लागला नाही. त्याने बापाकडे पाहिलं आणि ओला हात त्याच्या खांद्यावर ठेवला.

"आता परत लांब ने," भिवाजी म्हणाला. "अजून एकदा. आता मी नाय. ही सांगंल."

त्याने वर्षालीला आपल्या जागी उभं केलं, बापाने त्याला धरलं होतं तसं कानाला धरून तिचं डोकं नीट वळवलं, आणि स्वतः खाली बसून डोळे मिटले. होडी लांब गेली, वळून परत आली. वर्षाली ओठ चावत बघत होती. एकदा घाईत हात वर करणार होती, थांबली, परत बघितलं.

"इथे, बाबा! इथे, ना?"

काठी सोडली. तळ नव्हता. जयेश आनंदाने ओरडला, वर्षालीने ओरडून साथ दिली, मग तिने फोनमध्ये जागा टाकली, मग त्याच धांदलीत जयेशने जाळंही सोडलं. भिवाजी नाळेवर बसून एकेक खडप तिला बोटाने दाखवत होता, कोणती कशी, कुठून उतार, कुठून धार, आणि ती विचारत होती आणि तो सांगत होता. भरती कधी सुरू झाली ते कुणाच्या ध्यानात आलं नाही.

मग काठावरून हाक आली. खणखणीत, बाजारात कमावलेली. तिवरांत पाणी शिरलं होतं, जोत्याच्या पायऱ्या बुडत चालल्या होत्या, आणि सरस्वती बांबू उगारून तिघांचाही उद्धार करत होती.

"अरे देवा! बाबा, आयेला विसरलास?" जयेश म्हणाला.

भिवाजीने कपाळावर हात मारला आणि हसायला लागला. पोट धरून, डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसला.

"इसरलू रे!" तो म्हणाला. "इसरलू, इसरलू! चल, लवकर घे!"